दुकानाचा विमा आहे, पण आपल्या मालाने कुणाला इजा झाली तर?

पत्र

नमस्कार. मी अमळनेरची. घरीच काळा मसाला, शेवभाजीचा तयार मसाला, बिबडे, उडदाचे आणि नागलीचे पापड करते. केळीचे वेफर्स सावद्याच्या एका कारखान्यातून घेते आणि माझ्या नावाच्या पुडीत विकते. हाताखाली बायका आहेत, दोन मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर माल जातो. गेल्या महिन्यात भोपाळच्या एका वकिलाची नोटीस आली. शेवभाजी मसाल्यात शेंगदाणे होते, पुडीवर ते लिहिलेले नव्हते, नऊ वर्षांच्या मुलाला ॲलर्जीचा झटका येऊन दवाखान्यात ठेवावं लागलं, म्हणून ४ लाख रुपये द्या, असं त्यात आहे. खरं सांगते, रस्सा दाट यावा म्हणून मागच्या वर्षापासून मी त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट घालते. पुड्या मात्र आधीच छापून ठेवलेल्या होत्या, त्या संपवायच्या होत्या. नोटिशीच्या आधी त्या मुलाच्या आईने ॲपवर मेसेज केला होता. मी घाबरून लिहिलं, "सॉरी ताई, चूक आमचीच आहे, जो खर्च होईल तो देऊ." आमच्याकडे दुकानाचा विमा आहे आणि एजंट म्हणतो, त्यात सगळं येतं. दीर म्हणतात, जबाबदारी मार्केटप्लेसची, आपण फक्त माल देतो. सासूबाई म्हणतात, "आपला हातना मालले कोन नावं ठेवी?" मला झोप लागत नाही. आता विमा काढला तर हे भागेल का? किती रकमेचा काढावा? भाचा म्हणतो, अमेरिकेच्या साइटवरही माल टाकू. टाकावा का?

– एक उद्योजिका, अमळनेर

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचून आधी त्या मुलाची काळजी वाटली आणि मग तुमची. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाचा घसा काही मिनिटांत सुजतो, श्वास अडतो आणि वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर जीवही जाऊ शकतो. म्हणून विम्याचं बोलण्याआधी एक काम सांगते. त्या जुन्या पुडीतला एकही नग घरात, कुरिअरकडे किंवा मार्केटप्लेसच्या गोदामात विक्रीला असेल तर लिस्टिंग, म्हणजे मार्केटप्लेसवरचं त्या मालाचं विक्रीचं पान, आजच बंद करा. गोदामातला माल परत मागवा. ज्यांना त्या पुड्या गेल्या, त्यांना मार्केटप्लेसमार्फत कळवायला लावा की यात शेंगदाणा आहे. विकलेला माल परत बोलावण्याची अन्नपदार्थांसाठीची रीत २०१७ च्या नियमांत घालून दिलेली आहे. जळगावला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात स्वतः जाऊन ती समजून घ्या. आपण होऊन गेलेल्या माणसाशी बोलणं वेगळं होतं आणि तक्रारीवरून बोलावलेल्या माणसाशी वेगळं. शिवाय भोपाळचं प्रकरण कसंही मिटलं तरी त्याच पुडीमुळे दुसरं मूल आजारी पडायला नको.

आता तुमचा पहिला प्रश्न. आज विमा काढून भोपाळची नोटीस भागणार नाही. घटना घडून गेली, मागणी लेखी आली, त्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या मागणीला लागू होत नाही. ही नोटीस लपवून पॉलिसी घेण्याचा विचार तर मनातही आणू नका. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, विचारलेलं असतं की यापूर्वी काही दावा झाला आहे का, दावा होईल अशी एखादी घटना माहीत आहे का. तिथे 'नाही' लिहिलंत आणि पुढे दुसरा एखादा खरा दावा आला, तर कंपनी हाच कागद पुढे करून तोही नाकारेल. नोटीस आली हे लिहा, पुडी बदलली हे लिहा, माल परत बोलावला हेही लिहा. हप्ता कदाचित थोडा जास्त लागेल, पण पॉलिसी टिकेल.

तुमच्याकडे जी पॉलिसी आहे ती मात्र कपाटातून काढून नीट वाचा. फक्त एजंटाच्या बोलण्यावर राहू नका. दुकानाचा विमा म्हणजे बहुतेक वेळा अनेक कलमांचं गाठोडं असतं. आग, घरफोडी, रोकड, काचा, यंत्रं आणि शेवटी कुठेतरी 'पब्लिक लायबिलिटी' असा एक विभाग. हा विभाग तुमच्या जागेत झालेल्या अपघातापुरता असतो. गिऱ्हाईक दुकानात पाय घसरून पडलं, वरून पाटी डोक्यात पडली, अशा गोष्टी त्यात येतात. विकून बाहेर गेलेल्या मालामुळे लांबच्या माणसाला झालेली इजा बहुतेक पॉलिसींत त्याच विभागाच्या अपवादांत घातलेली असते. तरीही तुमच्या पॉलिसीत नेमकं काय लिहिलंय ते बघा आणि नोटिशीची प्रत त्या कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. नकार यायचा असेल तर तोही लेखी येऊ द्या. एजंट 'सगळं येतं' म्हणत असेल तर त्याला एवढंच म्हणा, कुठल्या पानावर ते बोट ठेवून दाखव.

तुम्हाला हवी आहे ती प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी. आपण विकलेल्या मालातल्या दोषामुळे त्रयस्थ माणसाच्या शरीराला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर कायद्याने द्यावी लागणारी भरपाई आणि वकिलाचा, कोर्टाचा खर्च ती उचलते. याच्याच जवळची कमर्शिअल जनरल लायबिलिटी पॉलिसी असते, तिला बाजारात सीजीएल म्हणतात. तिच्यात मालाची जबाबदारी आणि जागेची जबाबदारी दोन्ही येतात. जळगाव-धुळ्याला बचत गटांच्या प्रदर्शनात तुम्ही स्टॉल लावत असाल, घरी येऊन माल नेणारी गिऱ्हाइकं असतील, तर सीजीएलचं कोटेशनही मागवा. नुसतं ऑनलाइनच असेल तर पहिली पुरते.

दीरांचं म्हणणं आता बघू, कारण अनेक घरांत हाच समज आहे आणि तो महाग पडतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात सदोष मालाच्या जबाबदारीवर एक स्वतंत्र प्रकरणच आलं, कलम ८२ ते ८७. त्या कायद्याने उत्पादक कोण हे ठरवताना एक गोष्ट स्पष्ट केली आहे. दुसऱ्याने केलेल्या मालावर जो आपलं नाव किंवा खूण लावतो, तोही उत्पादकच. म्हणजे शेवभाजीच्या मसाल्याच्या उत्पादक तुम्ही आहातच, पण सावद्याहून येणाऱ्या वेफर्सच्याही कायद्याच्या नजरेत तुम्हीच. तळले कुणी, तेल कुणाचं, हे प्रश्न नंतरचे. पुडीवर नाव तुमचं आहे. उद्या त्या वेफर्समध्ये तारेचा तुकडा निघून कुणाचा दात तुटला तर पहिली नोटीस अमळनेरलाच येईल.

मार्केटप्लेस पूर्णपणे मोकळं सुटतं असं मी म्हणत नाही. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी त्यांच्यावरही कर्तव्यं घातली आहेत. तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, महिन्याच्या आत निवारण करायचं, विक्रेत्याची माहिती ग्राहकाला दिसेल अशी ठेवायची. पण सदोष मालाची भरपाई हा भाग त्यांनी करारात तुमच्या गळ्यात आधीच घातलेला असतो. नोंदणी करताना ज्या लांबलचक करारावर तुम्ही 'सहमत' दाबलं, तो उघडा. त्यात एक कलम असं सापडेल की विक्रेत्याच्या मालामुळे मार्केटप्लेसवर दावा झाला तर तो खर्च विक्रेता भरून देईल. इथे एक बारीक मेख आहे. विमा कंपन्या कायद्याने येणारी जबाबदारी घेतात, पण तुम्ही करार करून स्वतःहून अंगावर घेतलेली जास्तीची जबाबदारी बहुधा घेत नाहीत. म्हणून कोटेशन मागताना कराराची ती पानं सोबत जोडा आणि मार्केटप्लेसचं नाव पॉलिसीत 'ॲडिशनल इन्शुअर्ड', म्हणजे जोडीचा विमाधारक, म्हणून घालता येईल का ते विचारा. ही पुरवणी मिळते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

तुमच्या प्रकरणाची पुडीच आता उलटून बघू. मागच्या बाजूला घटक छापलेले: लाल मिरची, धने, खोबरं, तीळ, मीठ, गरम मसाला. शेंगदाणा नाही. लेबलिंगच्या २०२० च्या नियमांत ज्या पदार्थांची ॲलर्जी म्हणून वेगळी नोंद करावीच लागते त्यात शेंगदाणा आहे, सोयाबीन आहे, दूध आहे, गहू आहे, काजू-बदाम आहेत. घटकांच्या यादीत तो हवाच, शिवाय 'यात शेंगदाणा आहे' अशी स्वतंत्र ओळ हवी, आणि ती हिंदीत किंवा इंग्रजीत. आपल्याकडे पाटवडीपासून ठेच्यापर्यंत दाण्याशिवाय पान हलत नाही, त्यामुळे तो वेगळा सांगायची गरज कुणाला वाटत नाही. भोपाळच्या आईने मात्र ती यादी वाचूनच पुडी मागवली असणार. ॲलर्जीच्या मुलाची आई प्रत्येक पुडी वाचते.

कायद्यात मालाचा दोष म्हणजे नुसती भेसळ नव्हे. कलम ८४ मध्ये उत्पादकावर जबाबदारी येण्याची जी कारणं दिली आहेत, त्यात इजा टाळण्यासाठी पुरेशी सूचना किंवा इशारा न देणं हेही एक आहे. मसाला उत्तम होता, दाणे ताजे होते, तुम्ही स्वच्छतेने केलं, हे सगळं खरं असेल आणि तरीही पुडीवरच्या मजकुरामुळे माल सदोष ठरतो. सासूबाईंना हे शांतपणे समजावून सांगा. त्यांच्या हाताला नोटिशीत कोणी नाव ठेवलेलं नाही.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण तपासाच. तुमच्या लिस्टिंगमध्ये काय मजकूर आहे? ऑनलाइन लिस्टिंग बहुतेकदा भाचे-पुतणे लिहून देतात आणि हात सैल सोडून लिहितात. 'शंभर टक्के शुद्ध', 'लहान मुलांसाठी पूर्ण सुरक्षित', 'कोणतेही साइड इफेक्ट नाहीत'. असं वाक्य म्हणजे कायद्याच्या भाषेत तुम्ही दिलेली हमी. ही हमी खोटी ठरली तर तुमचा निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध करूनही सुटका नाही, असं कलम ८४ च्या दुसऱ्याच पोटकलमात आहे. चव, वजन, कृती यांबद्दल हवं तेवढं लिहा. सुरक्षिततेची ग्वाही देणारी वाक्यं काढून टाका.

आता नोटिशीचं. ही अजून वकिलाची नोटीस आहे, ग्राहक आयोगाची नाही, तरी गप्प बसू नका. ग्राहक कायदा माहीत असलेला वकील गाठा आणि मुदतीत उत्तर पाठवा. पुढे तक्रार दाखल झालीच तर ती भोपाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात होऊ शकते, कारण २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या गावी तक्रार करण्याचा हक्क दिला. दीडशे-दोनशे रुपयांच्या पुडीचं प्रकरण असलं तरी मागणी कितीही असू शकते, कारण कुठल्या आयोगाकडे जायचं हे मालासाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. आयोगाची नोटीस मिळाल्यावर लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस मिळतात आणि फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्कं करून ठेवलं आहे. भुसावळहून भोपाळला गाड्या भरपूर आहेत, पण प्रत्येक तारखेला जायची गरज पडेलच असं नाही. व्हिडिओवरून सुनावणी व्हावी असा अर्ज करता येतो आणि प्रकरण मध्यस्थीकडे पाठवण्याची सोयही कायद्यात आहे. तुमच्या बाबतीत मध्यस्थीचा रस्ता मला बरा वाटतो. पुडीवर दाणा लिहिलेला नव्हता हे लपण्यासारखं नाही आणि लपवूही नये. दवाखान्याची बिलं मागवा, खरा खर्च किती ते बघा, आणि वकिलामार्फत तेवढी भरपाई अधिक त्रासाचे रास्त पैसे देऊ करा. ४ लाख हा मागणीचा आकडा आहे.

तो 'चूक आमचीच' वाला मेसेज आता परत घेता येणार नाही. आईच्या काळजीला तुम्ही माणुसकीने उत्तर दिलंत, त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण पॉलिसी घेतल्यावर हे लक्षात ठेवावं लागेल. प्रत्येक लायबिलिटी पॉलिसीत अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही, तडजोड करायची नाही. ही अट मोडली तर दावा अडतो. मग गिऱ्हाइकाचा असा मेसेज आला तर काय लिहायचं? लिहा, "ताई, बाळ कसं आहे? आधी डॉक्टरांना दाखवा. पुडी आणि उरलेला मसाला जपून ठेवा, बॅच नंबरचा फोटो पाठवा. पुडीचे पैसे लगेच परत करते आणि बाकीचं तपासून कळवते." पुडीचे पैसे परत करायला कुणाची हरकत नसते. यानंतर त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल करायची. उशिरा कळवणं हे दावा अडकण्याचं दुसरं मोठं कारण.

पॉलिसी बघताना पहिलं पान, ज्याला शेड्यूल म्हणतात, ते सगळ्यात महत्त्वाचं. वर विमाधारकाचं नाव असतं. तिथेच पुष्कळ घोटाळे होतात. अन्न परवाना सासूबाईंच्या नावे, जीएसटी नवऱ्याच्या, मार्केटप्लेसचं खातं तुमच्या आणि ब्रँड मुलीच्या नावाचा, असं खान्देशातल्या निम्म्या घरगुती उद्योगांत असतं. दावा तर एकाच नावावर येणार. सगळे कागद आधी एका नावावर आणा, ते जमेपर्यंत सगळी नावं पॉलिसीत घालून घ्या.

त्याखाली मालाचं वर्णन. 'मसाले' एवढंच लिहिलेलं असेल तर पापड आणि वेफर्स बाहेर राहिले. प्रत्येक वस्तू लिहून घ्या, आणि कृती बदलली की कळवा.

मग दोन आकडे दिसतील, एका घटनेची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा. दोन्ही सारखे असले तर एकाच मोठ्या दाव्यात वर्षाचं कवच संपू शकतं. वकिलाचा खर्च याच मर्यादेतून जातो की वेगळा, ते विचारा, बहुधा यातूनच जातो. शेजारी 'एक्सेस' म्हणून रक्कम असेल, तेवढी प्रत्येक दाव्यात तुमच्या खिशातून. एक्सेस वाढवून हप्ता कमी करायचा मोह होतो. छोट्या उद्योगाला १ लाखाचा एक्सेस म्हणजे बहुतेक दावे स्वतःच भरणं, तेव्हा परवडेल एवढाच ठेवा.

आणि एक तारीख असते, 'रेट्रोॲक्टिव्ह डेट'. हिच्याकडे कोणी बघत नाही म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडच्या या पॉलिसी बहुतेक 'क्लेम्स मेड' पद्धतीच्या असतात. इजा त्या तारखेनंतर झालेली हवी आणि दावाही पॉलिसी चालू असताना आलेला हवा, दोन्ही अटी एकदम. समजा, दिवाळीत विकलेल्या मसाल्याने डिसेंबरात कुणाला त्रास झाला आणि नोटीस पुढच्या सप्टेंबरात आली. ग्राहकाला तक्रारीसाठी दोन वर्षं असतात, त्यामुळे हे सहज घडतं. मधल्या काळात तुम्ही नूतनीकरण चुकवलं असेल, किंवा स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या कंपनीची पॉलिसी नव्या तारखेने घेतली असेल, तर डिसेंबरातल्या त्या त्रासाला दोन्हीकडे जागा उरत नाही. कंपनी बदला, पण जुनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख नव्या पॉलिसीत कायम आहे हे बघूनच.

रक्कम किती, हे विचारलंत. मी तुमच्या जागी असते तर २५ लाखांच्या खाली गेले नसते, आणि ५० लाखांचं कोटेशन सोबतच मागवलं असतं, कारण मर्यादा दुप्पट केली म्हणून हप्ता साधारणपणे दुप्पट होत नाही. हिशेब पुडीच्या किमतीवर करू नका. कमावत्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर भरपाई त्याच्या कमाईवर मोजली जाते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ६५ मध्ये असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये भरपाई सांगितली आहे, म्हणजे सुरुवातच तिथून. हप्ता ठरतो तो तुमची वार्षिक उलाढाल, मालाचा प्रकार आणि माल कुठे जातो यावर. उलाढाल खरी सांगा. मार्केटप्लेस जीएसटीत टीसीएस, म्हणजे तुमच्या विक्रीच्या पैशातून आधीच घेतलेला कर, कापतं, त्यामुळे ऑनलाइन विक्री कागदावर असतेच. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागेल.

काय मिळणार नाही हेही ऐकून ठेवा. परत आलेल्या किंवा बदलून दिलेल्या मालाची किंमत मिळणार नाही. माल परत बोलावण्याचा खर्च मिळणार नाही, त्याचं कवच वेगळं असतं. सरकारी दंड तर नाहीच. चुकीच्या लेबलसाठी अन्न सुरक्षा कायद्यात ३ लाखांपर्यंत दंड आहे, तो स्वतःच भरायचा. जाणूनबुजून केलेल्या चुकीलाही कवच नाही, आणि इथे मला तुमची भीती वाटते. पुडी जुनी आहे हे माहीत असून ती संपवायची म्हणून वापरली, हे वाक्य पॉलिसी असतानाही तुमच्या विरोधात गेलं असतं. छापलेल्या पुड्यांचे पैसे वाया जातात हे खरं, पण छापखान्यात स्टिकर त्याच दिवशी मिळतात.

तुमच्याकडे काम करणाऱ्या बायकांचंही यात येत नाही. मिरची कांडपाच्या यंत्रात हात सापडला, वैशाखाच्या उन्हात गच्चीवर बिबडे घालताना कोणी चक्कर येऊन पडलं, तर त्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी असते. ती लांबणीवर टाकू नका. त्या बायका रोज तुमच्या डोळ्यांसमोर असतात.

सावद्याच्या कारखान्याशी आजवर सगळं तोंडी चाललं असेल. त्यांच्या अन्न परवान्याची प्रत, प्रत्येक खेपेचं बिल आणि बॅच नंबर घ्यायला लागा. साध्या कागदावर का होईना करार करा की तळण्या-भरण्यातल्या दोषाची जबाबदारी त्यांची. त्यांच्याकडे प्रॉडक्ट लायबिलिटी असेल तर तुमचं नाव त्यात घालून घ्या. तुमच्या स्वतःच्या मालाचंही तसंच. एक जाड वही करा: तारीख, बॅच, मिरची कुठून आली, दाणे कुठून, कोणी दळलं, किती पुड्या, कुठल्या ऑर्डरला गेल्या. प्रत्येक बॅचची एक पुडी तिची मुदत संपेपर्यंत आणि नंतरही काही महिने बाजूला ठेवा. दोंडाईच्याच्या बाजारातून आणलेल्या एका पोत्यात दोष निघाला तर या वहीमुळे तेवढ्याच पुड्या परत बोलावता येतील. आणि मार्केटप्लेसवर कोणी तुमच्या नावाची नकली पुडी विकली, तर ती आपली नाही हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

पॉलिसी घ्यायला जळगावला जा. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आहेत, खासगीही आहेत. निदान तिघांकडून लेखी कोटेशन घ्या. एजंट कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर तुमच्या बाजूने अनेक कंपन्यांशी बोलतो, म्हणून या कामाला परवानाधारक ब्रोकर जास्त उपयोगी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, नसेल तर ती फुकट होते, करून घ्या. पुढे दावा नाकारला गेला तर सूक्ष्म उद्योगाला विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, आपल्या भागासाठी पुण्याला, आणि तिथे ५० लाखांपर्यंतची प्रकरणं वकील न लावता मांडता येतात.

अमेरिकेचं म्हणाल तर आत्ता नको. भारतातल्या पॉलिसींत दाव्याची हद्द लिहिलेली असते, कुठे 'फक्त भारत', कुठे 'अमेरिका-कॅनडा सोडून सारं जग'. ते दोन देश घालून घेतले की हप्ता एकदम चढतो, कारण तिथली भरपाई आणि वकिलाची फी आपल्या हिशेबात बसणारी नाही. ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या साइटवर महिन्याची विक्री १०,००० डॉलरच्या वर गेली की १० लाख डॉलर मर्यादेचा लायबिलिटी विमा दाखवावा लागतो आणि त्यात ॲमेझॉनचं नाव घालावं लागतं. तिथले अन्नाचे नियमही वेगळे आहेत. तीळसुद्धा २०२३ पासून तिथे ॲलर्जीच्या यादीत आहे आणि तुमच्या मसाल्यात तो आहेच. भाच्याला सांगा, आधी इथल्या सगळ्या पुड्या आणि लिस्टिंग दुरुस्त करून दे, एक वर्ष इथली पॉलिसी आणि बॅचची वही नीट चालू दे, मग ब्रोकरला बसवून अमेरिकेच्या हप्त्याचा आकडा मागवू. तो आकडा नफ्यात बसत असेल तर माल पाठवा.